मोटरहोमचा गॅस थंडीत गोठत नाही

नागपुरातून हिवाळ्यात युरोपात मोटरहोमने, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीने, फिरायला निघणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: तिकडे सिलिंडरमधला गॅस गोठतो, म्हणून सिलिंडर ब्लँकेटात गुंडाळून ठेवा. यातलं निदान चूक आहे आणि उपाय तर उलटाच आहे.

सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ होते आणि तीच हीटरमध्ये जळते. हा गॅस ब्युटेन किंवा प्रोपेन असतो: ब्युटेन साधारण उणे अर्ध्या अंशाला उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला. म्हणजे बाहेर उणे १० असेल तर ब्युटेन गोठलेला नसतो, नुसता द्रव होऊन पडून राहतो. सिलिंडर जड लागतं, पण हीटर विझतो. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये या दोन्हींचं मिश्रण असतं. नागपूरचा पारा डिसेंबरात सात-आठवर आला तरी चहा उकळतोच, त्यामुळे हा फरक आपल्या कधी लक्षातच येत नाही.

आता ब्लँकेट. वाफ होताना द्रव उष्णता खेचतो, ती बाहेरच्या हवेतून सिलिंडरच्या पत्र्यावाटे आत येते. ब्लँकेट ही वाटच अडवतं. शिवाय गॅसच्या कप्प्याची खालची जाळी त्याने झाकली गेली, तर गळलेला गॅस आतच साचतो. हे खरोखर जिवावर बेतू शकतं.

गाडी ताब्यात घेताना एवढंच विचारा: सिलिंडर निव्वळ प्रोपेनचं आहे ना? आणि झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा (गॅस नीट न जळल्यास तयार होणाऱ्या विषारी वायूचा) अलार्म चालू आहे का, तो बटण दाबून स्वतः तपासा.