एअर टॅक्सी लागली तर?

आंबा घाट सुरू झाला की एसटीत ठरावीक मंडळी खिडकी मागतात. कुणी आलेपाक चघळतं, कुणी लिंबू हुंगतं. त्याच वळणांवर ड्रायव्हर मात्र ठणठणीत असतो. उद्याच्या एअर टॅक्सीची केबिन आखणाऱ्यांनी आधी या ड्रायव्हरकडे बघावं, असं मला वाटतं.

आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव जरा मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळतं. शेजारच्या दोन पिशव्यांतले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण हिसके आणि कल टिपतात. कान सांगतो ‘हललो’, डोळे मोबाइलवर खिळलेले. मेंदूचा अंदाज आणि कानाची खबर जुळेना, की मळमळ. ड्रायव्हरला वळण आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्याचा अंदाज चुकत नाही. दोन्ही कानांतली ही यंत्रणा पूर्ण बंद पडलेल्यांना तर गाडीही लागत नाही आणि बोटही नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे संथ, वर-खाली हेलकावा. साधारण 0.2 हर्ट्झचा, म्हणजे पाच सेकंदांत एक. महामार्गावरचे खड्डे कंबर मोडतात, पण पोट ढवळतं ते मांडव्याच्या लाँचमध्ये, याचं कारण हेच.

बॅटरीवर चालणारी, सरळ वर उठणारी चार-पाच आसनांची एअर टॅक्सी जमिनीपासून काहीशे मीटरवरूनच उडणार. मोठ्या प्रवासी विमानात पंखाच्या दर चौरस मीटरवर बरंच जास्त वजन असतं, म्हणून वाऱ्याचा झोत त्याला कमी हलवतो. या हलक्या यानाला तोच झोत उचलून खाली सोडतो. त्यात कोकणातली एप्रिलची दुपार! जांभ्याचे सडे तापून हवा वर उसळते, समुद्रावरून खारे वारे आत शिरतात, पुढे सह्याद्रीची भिंत. संगणक पंख्यांचा वेग क्षणोक्षणी बदलून बरेच हेलकावे शमवू शकेल, पण सगळे नाही.

नासाने कॅलिफोर्नियातल्या आर्मस्ट्राँग केंद्रात हलणारी खुर्ची आणि व्हीआर चष्मा वापरून अशा प्रवासाच्या चाचण्या घेतल्या आहेत. धाडसी माणसंही यातून सुटत नाहीत: 1961 मध्ये व्होस्तोक-2 यानातून गेलेला सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव हा अवकाशात मळमळ झालेला पहिला माणूस.

जाहिरातींतल्या काही केबिनमध्ये समोरासमोर खुर्च्या दिसतात. दिसायला छान, पण उलट्या तोंडाने बसणाऱ्याला पुढचं काहीच दिसत नाही. मी तर सगळ्या खुर्च्या पुढे तोंड करून लावीन, खिडक्या क्षितिज दिसेल इतक्या मोठ्या ठेवीन आणि पडद्यावर सिनेमाऐवजी येणारं वळण दाखवीन.

एक गोष्ट मात्र एअर टॅक्सीच्या बाजूची आहे. रत्नागिरी ते कोल्हापूर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ताशी 200 च्या वेगाने अर्धा तास. प्रवास इतका छोटा, म्हणून मळमळही कमी: शरीराला बसणारे हादरे मोजण्याच्या आयएसओ 2631 या आंतरराष्ट्रीय मानकातल्या सूत्रानुसार मळमळीची मात्रा वेळेच्या वर्गमुळाने वाढते. हेलकावे तेवढेच असतील, तर चौपट वेळेत दुप्पट.