ईडीआय जोडताय? व्हॅनने पाठवायचं की थेट इंटरनेटवरून

(भोसरी, चाकण, रांजणगाव इथल्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखानदारांसाठी)

परदेशी ग्राहकाची मेल येते, 'यापुढे शेड्यूल आणि डिस्पॅचची सूचना ईडीआयनेच.' मग ईडीआयची जोडणी करून देणाऱ्या आम्हाला फोन येतो आणि पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: "बिलं इंटरनेटवरून पाठवायची? कोणी मधेच उघडून बघितली तर?"

आधी थोडं ईडीआयबद्दल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंजबद्दल. पीडीएफ मेल करणं म्हणजे ईडीआय नव्हे. तुमच्या संगणकातला मजकूर ठरलेल्या साच्यात थेट समोरच्याच्या संगणकात जातो, मधे कोणी टाइप करत नाही. अमेरिकी ग्राहक सहसा एक्स१२ मागतात. त्यात ऑर्डर ८५०, माल निघाल्याची सूचना ८५६ आणि बिल ८१०. युरोपातले एडिफॅक्ट मागतात. साचा कुठलाही असो, व्हॅनवर (व्हॅल्यू अ‍ॅडेड नेटवर्क, म्हणजे खासगी जाळं; गाडी नव्हे) आणि इंटरनेटवर तो तसाच राहतो. बदलते ती फक्त वाट.

व्हॅन ही खासगी टपाल कचेरी समजा. तुम्ही तिथल्या पेटीत कागद टाकता, ग्राहक सवडीने उचलतो. तुमचा संगणक रात्री बंद असला तरी कागद पेटीत सुरक्षित राहतो. पण पेटीचं भाडं द्यावं लागतं आणि बऱ्याच ठिकाणी हजार अक्षरांमागेही पैसे मोजावे लागतात. ८५६ मध्ये एकेका खोक्याचा क्रमांक येतो, त्यामुळे बिल कसं फुगतं ते महिनाअखेरीस कळतं.

थेट इंटरनेटच्या वाटेला एएस२ म्हणतात. वॉलमार्टने २००२ मध्ये आपल्या पुरवठादारांना हीच वाट धरायला लावली. २००५ मध्ये तिचं प्रमाण आरएफसी ४१३० म्हणून प्रसिद्ध झालं. यात तुमची फाइल ग्राहकाच्या सार्वजनिक किल्लीने कुलूपबंद होते आणि तिच्यावर तुमची डिजिटल सही असते. वाटेत कोणाच्या हाती लागली तरी ती वाचता येत नाही. पोचल्यावर ग्राहकाकडून एमडीएन ही सहीची पोच येते, अगदी चलनाच्या सही-शिक्क्याच्या प्रतीसारखी. फाइल जशी निघाली तशीच पोचली, याचा तो पुरावा. ही पोच जपून ठेवा. मात्र एमडीएन म्हणजे मजकूर मान्य झाला असं नाही. साच्यातल्या चुका ग्राहकाच्या संगणकाकडून येणाऱ्या ९९७ या पोचपावतीतून कळतात, म्हणून तीही रोज बघावी लागते.

म्हणजे कुलपाची काळजी नको. खरी काळजी तुमच्या बाजूच्या दाराची असते. एएस२ साठी सर्व्हर चोवीस तास चालू लागतो. गुरुवारी वीज गेली, इन्व्हर्टर दमला की ग्राहकाचं शेड्यूल बाहेरच ताटकळतं. किल्ली आणि सही ज्यावर चालतात त्या डिजिटल प्रमाणपत्रालाही मुदत असते. आमच्याकडच्या एका कारखानदाराच्या प्रमाणपत्राची मुदत आमच्या नजरेतून सुटली. शनिवारी रात्री सगळ्या फाइली परत फिरल्या, आणि रविवारभर आमच्या माणसाने तिथे बसून फोनवरून एकेक सूचना कळवली. चूक आमची होती. तेव्हापासून मुदतीच्या साठ दिवस आधी आम्ही कारखानदाराच्या ग्राहकाला नवं प्रमाणपत्र पाठवतो आणि त्यांनी ते चढवल्याची लेखी खात्री घेतो.

आमचं मत स्पष्ट आहे. दोन-तीन ग्राहक आणि भरपूर फाइली असतील तर एएस२ घ्या. पंधरा-वीस ग्राहक, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आणि संगणक बघायला माणूस नाही, तर व्हॅनचे पैसे वाया जात नाहीत. युरोपातले वाहन उत्पादक पुष्कळदा ओएफटीपी२ मागतात. तीही इंटरनेटचीच वाट आहे, फक्त प्रमाणपत्र कोणाकडून घ्यायचं ते आधी त्यांना विचारा.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. ८१० पाठवलं म्हणजे जीएसटीचं ई-इनव्हॉइस झालं असं नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना पोर्टलवरून आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) घ्यावा लागतो, निर्यातीच्या बिलालाही. दोन्ही कामं एकाच नोंदीतून होतील अशी जोडणी आम्ही करून देतो.

भेटीला येताना ग्राहकाने दिलेली ईडीआय मार्गदर्शिका, महिन्याला साधारण किती बिलं आणि किती खोकी जातात तो आकडा आणि तुमच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं नाव एवढं घेऊन या.