टाकीत मेणबत्ती जळतेय म्हणजे हवा चांगली? नाही हो

मैल्याच्या टाकीत उतरण्याआधी मेणबत्ती दोरीने आत सोडायची, जळत राहिली की माणूस उतरवायचा, हे अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात. अर्धंच खरं आहे ते. ज्योत विझते ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांच्या आसपास आला की, आणि उतरायची किमान लिमिट धरतात १९.५ टक्के, म्हणजे मधल्या पट्ट्यात ज्योत जळत असते आणि माणसाचं डोकं जड होत असतं. हायड्रोजन सल्फाइडचं, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाच्या विषारी गॅसचं, तर ज्योतीला काही कळतच नाही, आणि मिथेन साठला असेल तर मेणबत्तीच भडका उडवते!

काहीजण म्हणतात सडक्या अंड्याचा वास आला की वर येऊ, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग गॅस) आसपास नाकच बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं आणि तिथेच घात होतो.

चार गॅसचा मीटर (ऑक्सिजन, जळणारा गॅस, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारा) नळी लावून वर, मध्ये, तळाला असा तिन्हीकडे बघा, कारण हायड्रोजन सल्फाइड जड, तळाला बसतो, मिथेन हलका. आणि सकाळचं रीडिंग दुपारी चालत नाही, गाळ ढवळला की अडकलेला गॅस सुटतो, म्हणून मीटर अंगावर चालूच ठेवायचा.