बारा सेंटिमीटरची तबकडी: व्हीसीडी ते फोर-के

घरातल्या डीव्हीडी बाजूला ठेवून तेच सिनेमे ब्लू-रे किंवा फोर-के डिस्कवर पुन्हा विकत घ्यावेत का, असा प्रश्न पडला की बहुतेक जण आधी टीव्हीचा आकार बघतात. मी आधी दुसरंच बघतो: सिनेमा मुळात कशावर चित्रित झाला आणि डिस्कसाठी त्याची प्रत कशावरून काढली. असं का, ते या तबकड्यांचा इतिहास पाहिला की कळतं.

आपल्याकडे व्हीसीआर भाड्याने आणून एका रात्रीत तीन-तीन सिनेमे पाहण्याचा जमाना होता, तेव्हा अमेरिकेत लेझरडिस्क आली होती (१९७८). ती जेवणाच्या ताटाएवढी, तीस सेंटिमीटरची होती आणि आपल्या घरांपर्यंत जवळजवळ पोहोचलीच नाही. आपल्या घरात तबकडी आली ती व्हीसीडीच्या रूपात. १९९३ मध्ये तिचं तांत्रिक प्रमाण (स्टँडर्ड) ठरलं. गाण्यांच्या सीडीवरच चित्र मावावं म्हणून ते इतकं दाबलेलं असे की पडद्यावर उरत ३५२ बाय २८८ ठिपके. एका डिस्कवर ७४ मिनिटं मावत, म्हणून सिनेमा रंगात आला की उठून दुसरी डिस्क घालावी लागे. तरी ती आशियाभर घरोघरी गेली, कारण प्लेयर स्वस्त होता आणि डिस्कला कॉपी रोखणारं कुलूप नव्हतं. पुढे मोसर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाड्याने सीडी देणाऱ्या लायब्रऱ्यांचं गणितच बदललं.

डीव्हीडी जपानात नोव्हेंबर १९९६ मध्ये आली. त्याआधी तोशिबाचा एक गट आणि सोनी-फिलिप्सचा दुसरा असा सामना होता, पण संगणक कंपन्यांनी एकच प्रमाण हवं असा आग्रह धरला आणि १९९५ मध्ये समेट झाला. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ ठिपके, म्हणजे व्हीसीडीच्या चौपट. हा फरक घरातल्या जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरही दिसत होता. टीव्ही न बदलता चित्र सुधारलं, म्हणून ती उडी प्रत्येकाच्या फायद्याची ठरली. तशी उडी नंतर झाली नाही.

पुढचा टप्पा निळ्या-जांभळ्या लेझरचा. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०, ब्लू-रेचा ४०५. तरंगलांबी जितकी कमी तितकी डिस्कवरची माहितीची खूण बारीक, म्हणून तेवढ्याच बारा सेंटिमीटरच्या तबकडीवर एका थरात ४.७ ऐवजी २५ जीबी मावले. या वेळी मात्र समेट झाला नाही. २००६ मध्ये तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनीच्या गटाची ब्लू-रे समोरासमोर बाजारात उतरल्या. जानेवारी २००८ मध्ये हॉलिवूडच्या वॉर्नर स्टुडिओने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. ज्यांनी हौसेने एचडी डीव्हीडीचे प्लेयर घेतले होते, त्यांच्या हाती पुढे नवे सिनेमे न येणारं यंत्र उरलं. नवं तंत्र पहिल्याच वर्षी घेऊ नये, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

ब्लू-रेत डीव्हीडीच्या पाचपट ठिपके असतात, आणि २०१६ मध्ये आलेल्या फोर-के डिस्कमध्ये ब्लू-रेच्या चौपट. पण हे आकडे एकटे फार सांगत नाहीत. ३५ मिमी फिल्मच्या निगेटिव्हमध्ये डीव्हीडीवर कधीच न उतरलेले कितीतरी बारकावे असतात. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत होरपळल्या होत्या. इटलीत बोलोन्यातल्या प्रयोगशाळेत त्यातला वापरता येण्याजोगा भाग वाचवला गेला, आणि २०१५ मध्ये डिस्कवर जे आलं ते पाहिल्यावर जुनी प्रत पाहवत नाही. अशा सिनेमासाठी पुन्हा पैसे मोजावेत, मी मोजतो. उलट, ज्या सिनेमाचं अंतिम संपादन टू-केवर, म्हणजे साधारण ब्लू-रेइतक्याच ठिपक्यांवर झालं, त्याच्या फोर-के डिस्कवर बऱ्याचदा तेच चित्र मोठं करून दिलेलं असतं. तिथे जो फायदा दिसतो तो प्रामुख्याने एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधार आणि रंगांचा. त्यासाठी टीव्हीही तसाच लागतो.

मराठी सिनेमे ब्लू-रेवर फारच थोडे आले, त्यामुळे आपल्या बऱ्याच संग्रहासाठी ही शिडी डीव्हीडीपाशीच थांबते. ब्लू-रे प्लेयरवर डीव्हीडी चालते, व्हीसीडी मात्र प्रत्येक प्लेयरवर चालेलच असं नाही. सॅमसंगने २०१९ मध्ये नवे ब्लू-रे प्लेयर काढणं थांबवलं. म्हणून जुना व्हीसीडी प्लेयर चालू आहे तोवर कपाटातल्या नाटकांच्या, लग्नांच्या, मुंजींच्या व्हीसीडी आधी संगणकावर उतरवून घ्या. सिनेमाची नवी प्रत निगेटिव्हवरून कुणीतरी काढू शकेल. मुंजीचं चित्रण बहुधा त्या एकाच तबकडीवर असतं.