विमा कंपन्या कॅलिफोर्नियातून का निघाल्या? वणव्यांच्या प्रदेशातल्या गृहविम्याची पार्श्वभूमी

मे २०२३ मध्ये स्टेट फार्म या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या गृहविमा कंपनीने कॅलिफोर्नियात घरांचे नवे विमे देणं थांबवलं. ऑलस्टेटने २०२२ च्या अखेरीसच हात आखडता घेतला होता. मार्च २०२४ मध्ये स्टेट फार्मने आणखी जाहीर केलं, की मुदत संपलेल्या सुमारे ७२ हजार पॉलिसींचं नूतनीकरण होणार नाही. त्यातल्या ३० हजार घरमालकांच्या होत्या. मग ७ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसजवळ पॅसिफिक पॅलिसेड्स आणि अल्टाडेना पेटले. १६ हजारांहून अधिक इमारती गेल्या.

याचं कारण सहसा एका दमात सांगितलं जातं: हवामान बदललं, वणवे वाढले, कंपन्या पळाल्या. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. धोका वाढत असताना त्याची किंमत घरमालकापर्यंत पोचू नये, अशी व्यवस्था या राज्याने बऱ्याच वर्षांत, बऱ्याचशा चांगल्या हेतूने उभी केली. उरलेलं अर्धं कारण तिथे आहे.

आगीचा विमा देणाऱ्या कंपन्यांना घर कशाचं आहे हे पूर्वी नीट माहीत असे. एकोणिसाव्या शतकात सॅनबॉर्न कंपनी विमेवाल्यांसाठी अमेरिकेतल्या गावोगावचे नकाशे काढायची. त्यात लाकडी घर पिवळ्या रंगात आणि विटांचं गुलाबी रंगात दाखवलेलं असे. हप्ता त्या रंगांवर ठरे. १९५० नंतर आग, चोरी, वादळ, पाहुणा पडून जखमी होणं असं सगळं एकाच पॉलिसीत घालून विकण्याची पद्धत आली आणि रुळली. ग्राहकाची सोय झाली. पण माझ्या मते त्याच सोयीत आगीची वेगळी किंमत दिसेनाशी झाली, आणि नेमक्या त्याच दशकांत शहरं टेकड्यांवर चढत होती.

त्या टेकड्यांवर काय होतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. सप्टेंबर १९२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्कलीच्या टेकड्यांवरून उतरलेल्या आगीने एका दुपारी सुमारे ६०० इमारती खाल्ल्या. लाकडी फळ्यांची छपरं ठिणग्यांनी एकामागून एक पेटत गेली. गावाने अशा छपरांविरुद्ध नियम केला, लाकूड व्यापाऱ्यांनी ओरड केली, नियम मागे पडला. नोव्हेंबर १९६१ मध्ये लॉस एंजेलिसच्या बेल एअरमध्ये ४८४ घरं जळाली, तिथेही छपरांचीच गोष्ट. २० ऑक्टोबर १९९१ ला बर्कलीला लागूनच असलेल्या ओकलंडच्या टेकड्यांवर २५ माणसं मेली आणि सुमारे ३ हजार घरं गेली. अडुसष्ट वर्षांनी, जवळजवळ त्याच उतारावर.

आता विम्याकडे. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत इतर शहरांतही. विमा कंपन्यांनी गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांकडे पाठ फिरवली. तेव्हा केंद्राने १९६८ मध्ये कायदा करून राज्यांना ‘फेअर प्लॅन’ काढायला प्रोत्साहन दिलं. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी आपला प्लॅन काढला. दंगलग्रस्त वस्त्यांबरोबर झुडपी वणव्यांच्या भागातल्या घरांनाही त्यात जागा होती. ज्याला कुणीच विमा देत नाही, त्याच्यासाठी हे शेवटचं दार. हे सरकारी खातं नाही. राज्यात मालमत्तेचा विमा विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांनी मिळून तो चालवायचा, आणि तोटा झाला तर बाजारातल्या आपापल्या वाट्याप्रमाणे वाटून घ्यायचा. म्हणजे राज्यात जितका धंदा मोठा, तितका दुसऱ्यांच्या जळलेल्या घरांचा बोजा मोठा. ही गोम पुढे महागात पडली.

दुसरा टप्पा ८ नोव्हेंबर १९८८ चा. गंमत अशी, की त्या दिवशी मतदार चिडले होते ते गाडीच्या विम्यावर. विम्याचे दर आवरणारा ‘प्रस्ताव १०३’ हा कायदा थेट जनतेच्या मतदानात थोडक्या बहुमताने मंजूर झाला आणि त्यात घरांचा विमाही आला. दर वाढवायचा तर आधी विमा आयुक्ताची परवानगी, आणि आयुक्त लोकांनी निवडून दिलेला. ७ टक्क्यांहून जास्त वाढ मागितली तर ग्राहक संघटना जाहीर सुनावणीची मागणी करू शकतात. त्यामुळे कंपन्या वर्षानुवर्षं ६.९ टक्केच मागत राहिल्या. शिवाय नियमांनुसार वणव्याचा धोका मोजायचा तो मागच्या किमान २० वर्षांच्या नुकसानीची सरासरी काढून. पुढे काय होईल याचं संगणकी प्रारूप चालणार नाही, पुनर्विम्याचा, म्हणजे विमा कंपन्या स्वतःसाठी घेतात त्या विम्याचा, वाढलेला खर्चही दरात धरता येणार नाही. प्रस्तावाचे समर्थक सांगतात की यामुळे ग्राहकांचे अब्जावधी डॉलर वाचले, आणि त्यात तथ्य आहे. पण मागे बघून दर ठरवायची रीत तोवरच चालते, जोवर पुढचं वर्ष मागच्यासारखं असतं.

२०१७ आणि २०१८ तशी नव्हती. ऑक्टोबर २०१७ मध्ये सांता रोझा शहराचा सपाटीवरचा, जंगलापासून दूर वाटणारा कॉफी पार्क भाग बेचिराख झाला. ८ नोव्हेंबर २०१८ ला पॅरडाइज हे गाव गेलं. ८५ मृत्यू, १८ हजारांहून अधिक इमारती. ठिणगी पीजी अँड ई या वीज कंपनीच्या जुन्या वाहिनीची होती. २०२० मध्ये कंपनीने सदोष मनुष्यवधाचे ८४ गुन्हे कबूल केले. त्या आगीत मर्सेड ही छोटी विमा कंपनी थेट दिवाळखोरीत निघाली. मोठ्या कंपन्यांचा दोन दशकांहून अधिक काळचा नफा त्या दोन वर्षांत धुऊन निघाला.

सरकारने आपत्तीग्रस्त पिन कोडांमध्ये वर्षभर नूतनीकरण नाकारायला बंदी केली. वर्ष संपलं की नोटिसा. घरमालक फेअर प्लॅनच्या दाराशी येऊ लागले, कारण गृहकर्ज देणाऱ्या बँकेला विमा लागतोच. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात डोंगरकडेला घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही हा कागद दाखवावाच लागतो. २०२० मध्ये प्लॅनमधून एका घराला मिळणाऱ्या विम्याची मर्यादा १५ लाख डॉलरवरून ३० लाखांवर गेली. सप्टेंबर २०२४ पर्यंत त्याच्याकडे साडेचार लाखांच्या आसपास पॉलिसी होत्या. २०२५ च्या आगींनंतर प्लॅनने सदस्य कंपन्यांकडून १ अब्ज डॉलर मागितले. अशी वेळ १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर पहिल्यांदाच आली. नव्या नियमांनुसार त्यातला निम्मा भार कंपन्या राज्यभरच्या ग्राहकांवर टाकू शकतात. टेकडीपासून मैलोगणती दूर राहणाऱ्यांवरही.

डिसेंबर २०२४ मध्ये आयुक्त रिकार्डो लारा यांनी जुनी गाठ सोडवायला घेतली. कंपन्यांना संगणकी प्रारूपं आणि पुनर्विम्याचा खर्च वापरायची मुभा मिळाली. बदल्यात, राज्यातल्या त्यांच्या बाजारवाट्याच्या ८५ टक्के इतके विमे त्यांनी धोक्याच्या भागांतही द्यायचे, टप्प्याटप्प्याने. हप्ते वाढणार हे उघडच आहे.

घर वाचवण्याचं शास्त्र मात्र विम्यापेक्षा सरळ आहे. अमेरिकी वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी दाखवलं, की बहुतेक घरं ज्वाळांच्या भिंतीने नव्हे, तर वाऱ्यावर उडून आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, म्हणजे गवत-पाचोळा आधीच जाळून मोकळा पट्टा करतं. जमिनीवरून सरपटणारी आग तिथे अडते. निखारा तिच्यावरून उडून जातो. तो पन्हळीतल्या पाचोळ्यात पडतो, वळचणीच्या झरोक्यातून माळ्यावर शिरतो, भिंतीला टेकलेल्या लाकडी कुंपणाला लागतो. म्हणून छप्पर न पेटणारं, झरोक्यांना बारीक जाळी, आणि भिंतीपासून ५ फुटांत जळण्यासारखं काही नाही. राज्याने २००८ पासून धोक्याच्या भागांतल्या नव्या घरांना कडक बांधकाम नियम लावले. पॅरडाइजच्या आगीनंतर एका वृत्तसमूहाने केलेल्या पाहणीत २००८ नंतरची निम्म्याच्या आसपास घरं शाबूत होती. आधीची जेमतेम १८ टक्के. राज्यातली बहुतेक घरं मात्र २००८ च्या आधीचीच आहेत.

२०२२ पासून अशी कामं करणाऱ्या घरमालकांना हप्त्यात सूट देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. पॉलिसी देणं बंधनकारक नाही. शिवाय शेजारचं घर पेटलं तर आपल्या जाळीचा फारसा उपयोग होत नाही; अल्टाडेनात घरांनी घरांना पेटवलं. ५ फुटांचा पट्टा मोकळा ठेवण्याचा कायदा २०२० चाच, पण नियमावली रखडली. फेब्रुवारी २०२५ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ती वर्षअखेरपर्यंत पुरी करा, असा आदेश काढला. सुनावण्यांना लॉस एंजेलिसचे रहिवासी आले ते खिडकीखालची झुडपं आणि जुनी झाडं तोडायला विरोध करत. कायद्याप्रमाणे नियमावली लागू झाली की नव्या बांधकामांना ती लगेच पाळावी लागेल. जुन्या घरांना त्यानंतर ३ वर्षांची मुदत आहे.