पाकळीचा ल, देठाचा श : वाद कुठून आला?

मराठीसाठी मुद्दाम घडवलेली अक्षरवळणे, म्हणजे फॉन्ट, अलीकडे बरीच आली. राज्याच्याच एका संस्थेने ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ मोफत उपलब्ध करून दिली. ‘टिरो देवनागरी’चे तर हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट आहेत. लिपी एकच, मग तीन कशाला? सोलापूरकराला याचे उत्तर गावाच्या नावातच सापडेल. ‘सोलापूर’मध्ये ल आहे, ‘सिद्धेश्वर’मध्ये श, आणि विद्यापीठाच्या नावातल्या ‘पुण्यश्लोक’मध्ये तर दोघे एकाच जोडाक्षरात अडकलेले. नव्या पेठेत पाट्या वाचत निघा, काही पाट्यांवर पाकळ्यांचा ल दिसेल, काहींवर उजवीकडे उभा दंड असलेला.

लिपीबद्दलचा शासन निर्णय २००९ साली निघाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा एक निघाला आणि त्यात पाकळीयुक्त ल, देठयुक्त श असे स्पष्ट आले. दंडाच्या ल ला सरसकट ‘हिंदी ल’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. गोंधळ इथेच आहे, आणि तो जरा सविस्तर सांगायला हवा.

एकोणिसाव्या शतकात देवनागरी टायपाची दोन ठळक वळणे होती, मुंबईचे आणि कलकत्त्याचे. फरक फक्त ल आणि श पुरता नव्हता. अ, झ, ण हेसुद्धा वेगळे दिसत. उत्तरेकडच्या जुन्या पोथ्यांतला ण ‘रा’सारखा दिसतो, आपल्याकडचा वाचक तिथे हमखास अडखळतो. पुढे केंद्राने हिंदीसाठी प्रमाण रूपे ठरवली तेव्हा अ, झ, ण मुंबईचे घेतले, ल आणि श मात्र तिकडचेच ठेवले. म्हणजे आज हिंदी पुस्तकात दिसणारा अ मुळात आपल्या वळणाचा आहे. त्याला कोणी ‘मराठी अ’ म्हणत नाही. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. पण तक्रार करताना आठवतो तो ल.

संगणकाने या प्रश्नाला निराळीच दिशा दिली. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक क्रमांकपद्धतीत, ल साठी एकच क्रमांक आहे, श साठीही एकच. कोणते रूप दिसायचे ते फॉन्ट ठरवतो. विंडोज २००० बरोबर आलेल्या ‘मंगल’मध्ये ल दंडाचा होता, आणि सरकारी कचेऱ्यांत ‘मंगल’ म्हणजेच युनिकोड असे समीकरण वर्षानुवर्षे चालले. दंडाचा ल मराठी कागदांवर एवढा पसरला त्यात धोरणापेक्षा या आयत्या फॉन्टाचा वाटा मोठा, असे माझे मत आहे. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की ल आपोआप बदलतो. पण ती नोंद करतो कोण? म्हणूनच मराठीचा स्वतंत्र फॉन्ट सोयीचा. त्यात काही निवडावे लागत नाही.

डीटीपीवाल्यांचे, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर मांडणाऱ्यांचे, जग आणखी वेगळे. लग्नपत्रिका, गड्ड्याच्या यात्रेचे फ्लेक्स, दुकानांची बिले यांतले बरेच काम अजून ‘श्रीलिपी’ आणि तिच्या पिढीतल्या इतर फॉन्टांवर चालते. सुंदर वळणे तिथे भरपूर आहेत, पण त्यांचे संकेत युनिकोडचे नाहीत. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवते, तो कन्व्हर्टरमधून जातो, आणि एखाद्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होऊन बाहेर पडतो. तिथे पाकळीची चौकशी करायला फुरसत कोणाला!

आणि हा सगळा वाद सोलापुरात निम्म्याच पाट्यांचा आहे. साखर पेठेकडे वळलात तर तेलुगू अक्षरे दिसतात, बाजारात कन्नड आणि उर्दूही. एकाच फ्लेक्सवर मराठी आणि तेलुगू बसवायचे झाले की मांडणी करणाऱ्याला दोन्ही ओळींची जाडी आणि उंची जुळवावी लागते. एकाच घडणीत दोन्ही लिपी देणारी ‘बालू’सारखी वळणे आली आहेत, आणि तिथे आधी विचारले जाते ते हे की फॉन्ट फुकट आहे का.