एएमएफटीचा नंबर म्हणजे लायसन्स नव्हे

कॅलिफोर्नियात कुणाच्या मुलीचं मॅरेज अँड फॅमिली थेरपीचं मास्टर्स झालं आणि हातात नंबर आला, की इथल्या मराठी घरांत पेढे वाटले जातात: "लायसन्स मिळालं!" अहो, मिळालं ते असोसिएटचं रजिस्ट्रेशन, म्हणजे एएमएफटी. लायसन्स म्हणजे एलएमएफटी, आणि ते अजून बरंच लांब आहे. हे इतक्या जणांना इतक्या वेळा समजावलंय की आता एकदाच लिहून टाकते.

एलएमएफटी काय असतं ते बहुतेकांना ठाऊक आहे: स्वतःचं क्लिनिक, स्वतःची फी, जबाबदारीही स्वतःची. डिग्री दोघांची तीच, आणि दोघांनाही नंबर देणारं बोर्ड एकच, सॅक्रॅमेंटोचं बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेस. नावाचं म्हणाल, तर २०१८ पर्यंत असोसिएटला 'इंटर्न' म्हणत. ते नाव बदलायला नको होतं असं माझं ठाम मत आहे. 'इंटर्न' ऐकलं की माणूस अजून शिकतोय हे कळायचं. 'असोसिएट' म्हटलं की आपल्याकडच्या काकांना वाटतं, पोरगी कुठल्या तरी फर्ममध्ये बढती घेऊन बसली.

आपल्या लर्निंग लायसन्ससारखं आहे म्हणा हवं तर. गाडी रस्त्यावर नेता येते, पण शेजारी पक्कं लायसन्सवालं कुणीतरी हवं. फक्त इथे टेस्टला बसण्याआधी किती चालवली याचा तासातासाचा हिशेब द्यावा लागतो, आणि लोक अडकतात ते या हिशेबातच.

एकूण ३००० तास. आठवड्याला ४० पेक्षा जास्त धरत नाहीत. म्हणजे ७५ आठवड्यांत आटपेल, असं गणित सगळे करतात. पण कायद्याने किमान १०४ आठवडे लागतातच. त्या ३००० पैकी निदान १७५० तास क्लायंटसमोर बसून केलेल्या कामाचे हवेत, आणि त्यातलेही ५०० जोडपी, कुटुंबं किंवा मुलं यांच्यासोबतचे. नोट्स, वर्कशॉप, सुपरविजन (म्हणजे देखरेख करणाऱ्या सुपरवायझरसोबत आपल्या कामाची चर्चा) हे सगळं उरलेल्यात. माझ्या भाचीच्या वहीत गुरुवारी संध्याकाळी सहाला एक जोडपं असायचं. ते लागोपाठ दोन गुरुवार आलं नाही. ती तासभर खोलीत वाट बघत बसली, पण १७५० मध्ये त्यातलं एक मिनिटही जमा झालं नाही. शिवाय प्रत्येक आठवड्याला सुपरविजन हवंच, एकट्याने एक तास किंवा ग्रुपमध्ये दोन. ज्या आठवड्यात ते झालं नाही, त्या आठवड्याचे सगळे तास गेले. सुपरवायझर नोकरी सोडणार असं कानावर आलं, की त्याच दिवशी झालेल्या तासांवर त्याच्या सह्या घ्या.

दुसरी गोष्ट पैशाची. असोसिएटला क्लायंटकडून थेट फी घेता येत नाही. तिने कुणाकडे तरी पगारी नोकर म्हणून, डब्ल्यू-टूवर, काम करायचं, नाहीतर विनावेतन. भाचीच्या पहिल्या नोकरीत तिला १०९९ वर, म्हणजे कंत्राटी म्हणून ठेवलं होतं. आठ महिने काम केलं, क्लायंट खरे, सुपरविजन खरं, तरी बोर्डाच्या लेखी शून्य. तिला कुणी आधी सांगितलं असतं तर ते आठ महिने वाचले असते. म्हणून ऑफर लेटर आलं की पगाराच्या आकड्याआधी हे बघा.

एफ-१ व्हिसावर शिकायला येणाऱ्यांनी तर अर्ज करतानाच हा विचार करावा. ओपीटी, म्हणजे या व्हिसावर शिक्षणानंतर काम करायची परवानगी, १२ महिन्यांची, आणि तास १०४ आठवड्यांचे.

आणि हे सगळे आकडे कॅलिफोर्नियाचे. न्यूयॉर्क १५०० तास मागतं. तिकडच्या मावसबहिणीचा अनुभव इकडच्या मुलीला सांगू नका.

थेरपी घ्यायला जाणाऱ्यांसाठी एवढंच: असोसिएटकडे जायला काहीच हरकत नाही. मला भेटलेल्या सगळ्यात मन लावून ऐकणाऱ्या थेरपिस्टपैकी दोघी तेव्हा असोसिएटच होत्या. पण आपल्याला अजून लायसन्स नाही, आपण कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करतो, हे तिने काम सुरू करण्याआधीच तुम्हाला सांगायचं असतं. कायदाच तसा आहे. तिने सांगितलं नाही तर सुपरवायझरचं नाव विचारा, आणि बोर्डाच्या साइटवर दोघांचेही नंबर टाकून बघा.